हिरव्या सवतीचं मोल

४ जानेवारी

चि. भिंगरीस,

आशीर्वाद. मागच्या पत्रातले अजून उरले असतील तर तेच पुरवून वापर.

कामाचं बोलतो. आपली हिरवी विकायची म्हणतोय. दचकू नकोस. मामी दचकली नाही. ती म्हणाली, "एकतीस वर्षांनी का होईना, सवत घराबाहेर पडतेय." पण त्या दिवशी माझ्या चहात साखर दोनदा पडली, त्यावरून काय ते समज.

कारण विचारशील. गॅरेजात जागा अडते, एवढंच. ती मधोमध ऐसपैस बसलेली आणि गिऱ्हाइकांच्या गाड्या बाहेर उन्हात. शिवाय माझं वय बहात्तर, तिचं साठ. दोघांपैकी एकाची तरी सोय वेळेवर लावलेली बरी.

तू लिलावघरात जुन्या गाड्यांची किंमत लावतेस, तेव्हा घरच्या गाडीसाठी परक्याचे पाय कशाला धरू? तुझ्या दफ्तरासाठी लिहून देतो: ट्रायम्फ टीआर फोर, दोन माणसांची, उघड्या टपाची, तारांची चाकं, गडद हिरवा रंग. इंजिन मुळात ट्रॅक्टरच्या घराण्यातलं, त्याला इंग्रजांनी सूट-बूट चढवला. एका दंतवैद्यांच्या परसातून आणली तेव्हा सीटवर कोंबड्या अंडी घालत होत्या. सहा वर्षं खपून उभी केली. आजवर एकदाही दुसऱ्या गाडीच्या दोराला बांधून घरी आलेली नाही.

किमतीचा आग्रह नाही. अट एकच, चालवणाऱ्याच्या हाती जावी.

आणि फोन करू नकोस. फोनवरचे आकडे माझ्या या कानातून शिरून त्या कानातून निघून जातात. पत्र लिही.

तुझा मामा


१३ जानेवारी

ति. मामांस,

साष्टांग नमस्कार लिहिणार होते, पण कंबर धरली आहे, तेव्हा उभ्यानेच करते.

तुमचं पत्र ऑफिसात फोडलं आणि शेजारच्या टेबलावरच्या माणसाने विचारलं, "कुणी गेलं का?" म्हटलं, नाही, गाडी विकायची आहे. तो म्हणाला, मग रडताय का? त्याला काय सांगू, की वाचता येऊ लागल्यावर मी पहिलं काय वाचलं असेल तर त्या गाडीच्या चॅसीवरची पितळी पट्टी! पुस्तकं नंतर आली.

आता बाजार सांगते. मामा, जुन्या गाडीची किंमत म्हणजे लोकांच्या तरुणपणाची किंमत असते. माणूस विशीत एखाद्या गाडीच्या काचेला नाक लावतो आणि पन्नाशीत, खिसा भरला की, तीच विकत घेतो. तुमच्या गाडीच्या काचेला ज्यांनी नाकं लावली ते आता सत्तरी-ऐंशीत आहेत. त्यांना इतक्या बुटक्या गाडीत बसता येतं, उठायला मात्र दोन माणसं लागतात. म्हणून लांब नाकाच्या जॅग्वार मध्यंतरी आभाळाला टेकल्या होत्या त्या उतरल्या आहेत. मोठ्या हीली गाड्या त्यांच्या मागोमाग निघाल्या. एमजी जागच्या जागी आहेत, कारण सुटे भाग सहज मिळतात आणि नवशिके तिकडेच वळतात. टीआर फोर या सगळ्यांच्या मधली. फार चढली नाही, म्हणून फार पडलीही नाही.

पुढच्या दहा वर्षांचं विचाराल, तर गुंतवणूक म्हणून साध्या जुन्या गाडीत राम नाही, महागाईच्या मागेच धापा टाकत राहील. पण जिचं इंजिन पहिल्या दिवसापासून तेच आहे आणि कारखान्याच्या जुन्या नोंदवहीच्या दाखल्याशी ज्याचा नंबर जुळतो, तिला मरण नाही. अशी गाडी शंभराला गेली तर इंजिन बदललेली पासष्टला जाते. रंग तोच, चाकं तीच, धावणं तेच. फरक एका ओळीतल्या आकड्यांचा.

मी तुमची भाची, म्हणून किंमत मी लावणार नाही, आमचे थोरले मूल्यमापक लावतील. त्यांना फोटो हवेत. बोनेटखाली काही रंगवू नका, चमकवू नका, मळ तसाच राहू द्या. मात्र इंजिनावरचा नंबर फोटोत दिसला पाहिजे. नंबर दिसला नाही तर मोठी गिऱ्हाइकं पुढचं पानच उलटत नाहीत.

मामीला नमस्कार. सवतीलाही.

तुमची
भिंगरी
(वजन वाढल्यामुळे आता सावकाश फिरते)


२० जानेवारी

चि. भिंगरी,

पत्र दोनदा वाचलं, एकदा मामा म्हणून आणि एकदा गिऱ्हाईक म्हणून. दोन्ही खेपेला अभिमान वाटला. हौसेला मोल नसतं असं आम्ही आजवर ऐकत आलो, तुम्ही लोकांनी हौसेचाही तक्ता मांडलात! मामीला वाचून दाखवलं. ऐंशीतल्या माणसाला गाडीतून उपसून काढायला दोन माणसं लागतात, यावर ती इतकी हसली की मला संशय आला. परवा मला बाहेर ओढायला तीच होती.

फोटो काढतो. रंगवणार नाही, चमकवणार नाही. गुरूची आज्ञा.

पण माझ्या प्रश्नाचं उत्तर तू दिलं नाहीस. घेणारा चालवेल ना?

मामा


२ फेब्रुवारी

ति. मामा,

बातमी गोड आहे, बसून वाचा. आमचे एक मोठे संग्राहक आहेत. त्यांच्याकडे चाळीस गाड्या आहेत आणि त्यांना नेमकी गडद हिरवी टीआर फोर हवी आहे. दाखला मी मागवून घेतला, त्यातला इंजिन नंबर तुम्ही गाडीच्या नोंदणी-पुस्तकातून उतरवून कळवलेल्या नंबराशी तंतोतंत जुळतो. आकडा ऐकून थोरल्यांनी चष्मा कपाळावर चढवला. ते असं वर्षातून एकदाच करतात. शंभर म्हटलं होतं ना, त्याच मापाने हे एकशे दहा देतील. तुम्ही नवं घर बांधाल मामा, नाहीतर मामीला घेऊन जग फिराल.

तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर देते. ते चालवणार नाहीत. त्यांच्याकडे दमटपणा न शिरणारी दालनं आहेत, गाडीवर कापड घालतात, टाकीतलं पेट्रोल काढून टाकतात. मीटर जितका कमी फिरेल तितकी किंमत टिकते. दहा वर्षांनी पुन्हा विकतील. मला माहीत आहे तुम्हाला कसं वाटेल ते. पण तिथे तिला गंज लागणार नाही, ओरखडा उठणार नाही. थोडा विचार करा.

आता अडलंय ते फक्त नंबराच्या फोटोवर. तुम्ही पाठवलेल्यात नुसता गंजाचा डाग दिसतो.

भिंगरी


११ फेब्रुवारी

चि. भिंगरी,

एकशे दहा ऐकून मामीने चष्मा पुसला, मग पत्र पुसलं, मग मला विचारलं, "ही आपलीच भाची ना?"

चार रात्री विचार केला. पेट्रोल काढून टाकतात हे वाचलं तसा उठलो आणि तिची टाकी काठोकाठ भरून आणली. पण मीही काही कायमचा नाही. दालन तर दालन. त्यांच्याकडून एवढं लिहून घे, की महिन्यातून एकदा इंजिन सुरू करतील. गाडीसुद्धा बोलल्याशिवाय राहिली की आतून आखडते.

नंबराचं काम फत्ते केलं, फोटो सोबत आहे. कोंबड्यांच्या काळातल्या ओलीने त्या जागेला इतके खड्डे पडले होते की भिंगातूनही दिसेना. तू म्हणतेस मोठी गिऱ्हाइकं पान उलटत नाहीत. मग म्हटलं, आपल्या हातचं काम असं गबाळं का दाखवायचं? कानशीने इंजिनाचा तेवढा भाग आरशासारखा सपाट केला, माझ्या वडिलांचा नंबर ठोकायचा संच काढला, आणि तोच नंबर त्याच जागी पुन्हा ठोकला. एक आकडा, एक घाव. रेघ आखली नाही, नुसत्या नजरेने. बघ, एक तरी आकडा तसूभर हललाय का! बाकी कशालाही हात लावलेला नाही, शब्द पाळलाय.

सांग थोरल्यांना, पुन्हा चष्मा चढवा म्हणावं.

मामा


६ मार्च

ति. मामा,

उत्तराला तीन आठवडे लावले, त्याबद्दल आधी क्षमा मागते. रोज लिहायला बसत होते.

कसं सांगू? तो नंबर तसाच गंजलेला, खड्ड्यांचा, अर्धा दिसणारा हवा होता. आमच्याकडे खास दिवे आहेत, तिरपा उजेड टाकला की बुजलेला आकडाही वर येतो. मी ते लिहायला हवं होतं. आमच्या धंद्यातले चोर दुसरंच इंजिन आणतात, त्यावरचा नंबर घासून काढतात आणि हवा तो ठोकतात. त्यामुळे कानस फिरलेली जागा आणि ताजे आकडे दिसले की सगळे एकच अर्थ लावतात. इंजिन मूळचंच आहे हे मला ठाऊक आहे, तुम्हाला आहे, त्या कोंबड्यांनाही होतं. पण जो पुरावा होता तो कानशीच्या भुग्यात गेला.

खरं सांगते, एक दिवस ते पाकीट मी खणात ठेवून दिलं होतं. आकडे नीट दिसणार नाहीत असा अंधारा फोटो तुमच्याकडून मागवावा, असंही मनात आलं. मग तुमचंच पत्र पुन्हा वाचलं. "शब्द पाळलाय." उठले आणि फोटो थोरल्यांच्या टेबलावर ठेवला.

त्यांनी भिंग लावून पुष्कळ वेळ पाहिलं. मग म्हणाले, "हे करणारा माणूस लबाड नाही. लबाड माणूस कारखान्यासारखं वाकडंतिकडं ठोकतो, ओळखू येऊ नये म्हणून. इतकं सरळ फक्त प्रामाणिक माणूस ठोकतो." मामा, बारा वर्षांत त्यांच्या तोंडून मी कुणाचीही अशी तारीफ ऐकलेली नाही. पण तारीफ अहवालात लिहिता येत नाही. अहवालात लिहिलं आहे: नंबर पुन्हा ठोकलेला. संग्राहकांनी एका ओळीत नकार कळवला. थोरल्यांनी किंमत लावली ती त्याच मापाने बासष्ट.

चूक माझी आहे. नंबर दिसला पाहिजे असं लिहिताना विसरले, की दिसत नसलेलं काम तसंच सोडून देणारे तुम्ही नव्हेच. मला ओरडा, पण पत्र पाठवा.

भिंगरी


१२ मार्च

चि. भिंगरी,

अक्षर बघून ओळखलं असशीलच, मी मामी. ह्यांना न सांगता लिहितेय, तेव्हा आपल्या दोघींतच राहू दे.

तुझं पत्र आल्यापासून तीन दिवस हे गॅरेजकडे फिरकले नाहीत. पैसे गेले त्याचं काही नाही, पैशाने ह्यांचं कधी पोट दुखलं नाही. "माझ्या कामाला कुणी चोरी म्हणेल" एवढंच एक वाक्य दोनदा बोलले. तुझ्यावर राग नाही. तुझं ते थोरल्यांचं वाक्य कापून पाकिटात ठेवलंय, मला दिसू नये असं.

पण मला दुसरंच सांगायचं आहे. जागा अडते हे खोटं. गॅरेजात अजून तीन गाड्या मावतील. त्या बयेला हवा-पेट्रोल ओढणारे दोन कार्बोरेटर आहेत. रबरी नळीचं एक टोक कानात धरायचं, दुसरं एकेकाच्या तोंडाशी, आणि दोघांचा फुसकारा सारखा येईपर्यंत स्क्रू फिरवत राहायचं. तो सारखा आला की इंजिन गातं, हे ह्यांचं शास्त्र. गेलं वर्षभर नळी कानात घालून हे दुपार-दुपार बसतात. मग मला बोलावतात, "तू ऐक." मला मेलीला दोन्हीकडे फुसफुसच. डॉक्टर म्हणाले, उजवा कान गेला, डावा वाटेवर आहे. कानाचं यंत्र आणलंय, ते पान्यांच्या खणात पडलंय. तुझ्याशी फोनवर बोलत नाहीत ते आकड्यांमुळे नव्हे गं.

गाडी बेसूर झाली आहे आणि ते ह्यांना रस्त्यातल्या लोकांच्या तोंडावरून कळतं. म्हणून विकायची. गिऱ्हाइकांची कामं हाताखालचे दोघे कारागीर करतात, चोख करतात, पण हिला ह्यांनी कुणाला हात लावू दिला नाही. एकतीस वर्षं मी हिला सवत म्हटलं. आता ती गेली तर ह्यांचं काय होईल, याची भीती मलाच जास्त वाटते.

उत्तर मला नको, ह्यांना लिही. आणि मी काही बोलले नाही.

मामी


१९ मार्च

ति. मामा,

तुम्ही ओरडला नाहीत, म्हणजे फारच रागावलेले दिसता. तेव्हा मीच आणखी एक आगाऊपणा करते. तुमची गाडी मी विकत घेऊ का?

हसू नका. बारा वर्षांत चारशेच्या वर गाड्यांची किंमत ठरवायला बसले, पण त्यातली एकही चालवली नाही. आमच्याकडे गाडी गोदामातून मंचापर्यंतसुद्धा ढकलत नेतात. मी अहवालात "स्थिती उत्तम" लिहिते, आणि उत्तम असली म्हणजे बसणाऱ्याला कसं वाटतं ते मला माहीत नाही. परवाना आहे, तो पाकिटात घडी होऊन झोपलेला असतो. तुमचा फोटो थोरल्यांनी ठेवून घेतला आहे, नव्या उमेदवारांना दाखवायला, की प्रामाणिक हात असा असतो म्हणून. मला तो हात लागलेली वस्तू घरात हवी आहे. मला तुमचा किती अभिमान वाटतो ते या निमित्ताने लिहून टाकते, समोर बसले की जीभ अडखळते.

व्यवहार म्हणून विचाराल तर मी कोणत्याही ग्राहकाला लिहून देईन, या भानगडीत पडू नका. किंमत वाढायची नाही, पेट्रोल पीत राहील, पावसात टप गळेल, आणि संग्राहकांनी नाकारलेली म्हणून पुढेही तेच नाकारतील. म्हणजे तिला कुणी दालनात कोंडणार नाही. पाहिलंत, तुमच्या कानशीने तुमची अट पुरी केली!

थोरल्यांना सगळं सांगितलं आहे. त्यांनी लावलेली बासष्ट मी पुरी देणार. माझी बचत आहे, कुणाकडे हात पसरलेला नाही. पण मला स्क्रूड्रायव्हरही नीट धरता येत नाही. दर महिन्याला येईन, तुम्ही शिकवा. जमेल का तुम्हाला?

भिंगरी


२६ मार्च

चि. भिंगरी,

रागावलो नव्हतो. लाज वाटत होती. बहात्तर वर्षांच्या माणसाला लाज वाटली की तो अंथरुणात तोंड घालून पडतो आणि बायकोला सांगतो, पाठ दुखतेय.

तुझं पत्र आलं त्या दिवशी गॅरेज उघडलं.

व्यवहार पक्का. फुकट देणार नाही, हे आधीच सांगतो. महागात घेतलेली वस्तू माणूस कपाटात ठेवतो, फुकट मिळालेली कोपऱ्यात टाकतो, आणि बेताच्या किमतीची वापरतो. बाजाराचं एवढंच गणित मला येतं. बासष्टातले दोन कमी कर. आकडे सरळ आले तरी चूक ती चूकच, आणि ती निम्मी तुझी असली तरी हात माझा होता. साठ दे. त्यातले पैसे मामी तिच्या नावावर ठेवणार आहे. म्हणते, सवतीने एकतीस वर्षांचं भाडं दिलं.

विक्रीच्या कागदावर माझ्या हाताने लिहिलंय: इंजिन मूळचं आहे, नंबर मी ठोकला, अमुक दिवशी, अमुक कारणाने. खाली सही आहे. उद्या तू नसलीस, मी नसलो, तर त्या कागदाला विचारावं.

गाडी न्यायला ट्रक पाठवू नकोस. तू स्वतः ये आणि चालवत ने. क्लच कडक आहे, पहिला गिअर घालताना तिला घाई केलेली चालत नाही. गावाबाहेरच्या चढापर्यंत मी शेजारी बसेन, परत येताना चालत येईन, डॉक्टरांनी चालायला सांगितलंच आहे. तू मनात भिऊन मुकाट चालवू नकोस. इंजिन कुरकुरलं, मागे काही वाजलं, चाक बोललं, तर माझ्या हाताला धरून सांग.

मला आता ऐकू येत नाही.

तुझा मामा